सुरांची लिपी

विद्यार्थिमित्रांनो, नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे नाव घेतले, की दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे यंत्रमाग आणि दुसरी म्हणजे मुशायरे. तुमच्यापैकी काहींनी अब्बांबरोबर किंवा मामूंबरोबर मुशायरा ऐकला असेल. एखादा शायर मंचावर येतो आणि आपली गझल तरन्नुममध्ये, म्हणजे गाऊन, सादर करतो. सारे श्रोते दाद देतात. पुढे तीच गझल एखाद्या मासिकात किंवा पुस्तकात छापून येते. ती वाचताना तुमच्या काय लक्षात येते? शब्द तेच असतात. रदीफ आणि काफिया तेच असतात. पण तरन्नुम मात्र कागदावर कुठेच नसते. ज्याने मुशायरा ऐकला नाही, त्याला ती चाल कधीच कळणार नाही.

शब्द लिहिता येतात. मग सूर लिहिता येतात का? येतात. जशी भाषेची लिपी असते, तशी सुरांचीही लिपी असते. तिला मराठीत 'स्वरलिपी' किंवा 'स्वरलेखन' म्हणतात. इंग्रजीत तिला 'नोटेशन' असे नाव आहे. या लिपीतल्या खुणा कोणत्या, त्यांची इंग्रजी आणि मराठी नावे कोणती, हे या पाठात पाहू. ही लिपी आपल्याकडे रूढ व्हावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांतील एका गायकाने उतारवयात नाशिकच्या पंचवटीत आश्रम काढला होता. त्यांची ओळखही आपण करून घेऊ.

आधी रोजचेच एक उदाहरण घेऊ. तुमच्या शाळेत रोज राष्ट्रगीत होते. नाशिकच्या शाळेत, नांदेडच्या शाळेत आणि दूर आसामातल्या शाळेतही त्याची चाल एकच असते. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांत म्हणायचे, हेही ठरलेले आहे. १९१९ साली रवींद्रनाथ टागोर आंध्रातील मदनपल्ली येथे गेले होते. तेथील महाविद्यालयात मार्गारेट कझिन्स नावाच्या आयरिश बाई होत्या. त्यांनी संगीताची पदवी घेतलेली होती. रवींद्रनाथांनी 'जन-गण-मन' गाऊन दाखवले आणि मार्गारेटबाईंनी त्याचे सूर कागदावर उतरवून घेतले. पुढे १९५० साली हे गीत भारताचे राष्ट्रगीत झाले. ज्या वादकांना एक अक्षर बंगाली येत नाही, तेही आज स्वरलिपीत लिहिलेला कागद समोर ठेवून राष्ट्रगीत अचूक वाजवू शकतात.

आता ही लिपी चालते कशी ते समजून घेऊ. तुम्ही उर्दू वाचता, म्हणून तुम्हाला ही गोष्ट लवकर कळेल. उर्दूत अलिफ आणि सीन ही दोन अक्षरे जोडून लिहा. हा शब्द 'इस' आहे की 'उस'? नुसत्या अक्षरांवरून सांगता येणार नाही. अलिफखाली जेर दिला तर 'इस' होतो आणि वर पेश दिला तर 'उस' होतो. अक्षर तेच, पण वरच्या किंवा खालच्या एका लहानशा खुणेने उच्चार बदलतो. स्वरलिपीचेही असेच आहे. सा, रे, ग, म, प, ध, नी ही सात अक्षरे. त्यांच्या वर किंवा खाली लहान खुणा केल्या, की सूर बदलतो.

स्वरलिपीला प्रत्येक सुराबद्दल दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, सूर किती उंच किंवा किती खाली आहे. दुसरी, तो किती वेळ टिकवायचा आहे. या दोन गोष्टी कागदावर नेमक्या आल्या, की चालीचा सांगाडा तयार झाला असे समजा.

प्रथम इंग्रजी पद्धत पाहू. युरोपात सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इटलीत ग्वीदो नावाचा एक मठवासी साधू होऊन गेला. सूर आडव्या रेषांवर मांडण्याच्या पद्धतीला त्याने पक्के रूप दिले. पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या. आज या पद्धतीत एकाखाली एक अशा पाच आडव्या रेषा असतात. या पाच रेषांना 'स्टाफ' म्हणतात. तुम्हाला स्टाफ म्हटले की शाळेतली शिक्षकमंडळी आठवतील. पण संगीतात स्टाफ म्हणजे पाच रेषांची शिडी. सुराची खूण जितकी वरच्या पायरीवर, तितका सूर उंच. खूण जितकी खाली, तितका सूर खाली. सुराला आणि त्याच्या खुणेला इंग्रजीत 'नोट' म्हणतात. ही नोट खिशातली नव्हे, बरे का!

रेषांच्या सुरुवातीला एक वळणदार चिन्ह असते. त्याला 'क्लेफ' म्हणतात. हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ किल्ली असा आहे. कोणत्या रेषेवर कोणता सूर आहे, याचे कुलूप या किल्लीने उघडते. उंच सुरांसाठी 'ट्रेबल क्लेफ' आणि खालच्या सुरांसाठी 'बेस क्लेफ' वापरतात. इंग्रजीत सुरांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी या सात अक्षरांची नावे आहेत.

आता दोन महत्त्वाचे शब्द पाहू. 'शार्प' आणि 'फ्लॅट'. इंग्रजीच्या तासाला तुम्ही शार्प म्हणजे धारदार आणि फ्लॅट म्हणजे सपाट असे शिकलात. संगीतात नोटेसमोर शार्पची खूण असेल, तर तो सूर अर्ध्या पायरीने चढवायचा. फ्लॅटची खूण असेल, तर तो अर्ध्या पायरीने उतरवायचा. शार्पची खूण दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांच्या जाळीसारखी दिसते. फ्लॅटची खूण इंग्रजी लहान बी अक्षरासारखी असते. चढवलेला किंवा उतरवलेला सूर पुन्हा मूळ जागी आणायचा असेल, तर 'नॅचरल' नावाची खूण करतात. मात्र एखाद्या गायकाला इंग्रजीत 'तू फ्लॅट गातोस' असे म्हटले, तर ती तक्रार असते. तुझा सूर नेमक्या जागेपेक्षा खाली पडतो आहे, असा तिचा अर्थ.

आपल्याकडे उतरवलेल्या सुराला 'कोमल' आणि चढवलेल्या सुराला 'तीव्र' म्हणतात. पण एक फरक ध्यानात ठेवा. इंग्रजी पद्धतीत कोणताही सूर शार्प किंवा फ्लॅट होऊ शकतो. आपल्या पद्धतीत सा आणि प हे दोन सूर आपली जागा कधीच सोडत नाहीत. त्यांना 'अचल' सूर म्हणतात. रे, ग, ध, नी हे चार सूर कोमल होतात आणि फक्त म तीव्र होतो. सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र मिळून बारा सूर झाले. शाळेतली पेटी, म्हणजे हार्मोनियम, उघडून पाहा. एका सापासून पुढच्या साच्या अलीकडेपर्यंत काळ्या आणि पांढऱ्या मिळून बाराच पट्ट्या भरतील.

या बारा पट्ट्यांच्या टापूला आपण 'सप्तक' म्हणतो आणि इंग्रजीत 'ऑक्टेव्ह' म्हणतात. सप्तक म्हणजे सातांचा समूह, तर ऑक्टेव्ह हा शब्द आठ या अंकावरून आला आहे. मग दोघांतील चूक कोण? चूक कोणीच नाही. आपण सा पासून नीपर्यंत सात सूर मोजतो. ते पुढचा सा धरून आठ मोजतात.

आता वेळेकडे वळू. गाताना आपण टाळी देऊन जे सारखे ठोके मोजतो, त्या प्रत्येक ठोक्याला आपण 'मात्रा' म्हणतो. इंग्रजीत त्याला 'बीट' म्हणतात. नोट किती बीट टिकवायची हे तिच्या आकारावरून कळते. पोकळ अंडाकृती नोट म्हणजे 'सेमिब्रीव्ह'. ती साधारणपणे चार बीट चालते. पोकळ नोटेला दांडी जोडली, की ती 'मिनिम' होते आणि दोन बीट चालते. नोट काळी भरून दांडी दिली, की ती 'क्रॉचेट' होते आणि एक बीट चालते. त्या दांडीला एक शेपटी लावली, की ती 'क्वेव्हर' होते आणि अर्धा बीट चालते.

या नावांत एक गंमत आहे. सेमिब्रीव्ह या शब्दाचा मूळ अर्थ 'आखूडचे अर्धे' असा होतो, आणि नेहमीच्या वापरात तीच सर्वांत लांब नोट आहे! मिनिम म्हणजे 'सर्वांत लहान'. पण तिच्याहून लहान नोटा मागाहून निघाल्या आणि जुने नाव तसेच राहिले. क्रॉचेट म्हणजे लहानसा आकडा. क्वेव्हर म्हणजे थरथरणे. अमेरिकेत ही नावे सोडून पूर्ण नोट, अर्धी नोट, पाव नोट अशा अर्थाची सरळ नावे वापरतात.

गाण्यात जसे सूर असतात, तशी शांतताही असते. किती वेळ गप्प राहायचे, हेही लिहावे लागते. त्या खुणेला 'रेस्ट' म्हणतात. रेस्ट म्हणजे विश्रांती. ठरावीक बीट झाले की पाच रेषांवरून एक उभी रेघ काढतात. अशा दोन रेघांमधल्या जागेला 'बार' म्हणतात. आपल्याकडे तालाचे असे भाग पाडतात, त्यांना 'विभाग' किंवा 'खंड' असे नाव आहे. सुरुवातीला एकावर एक असे दोन अंक लिहिलेले दिसतात, त्यांना 'टाइम सिग्नेचर' म्हणतात. त्यांतला वरचा अंक एका बारमध्ये किती बीट आहेत ते सांगतो. गाण्याच्या गतीला आपण 'लय' म्हणतो. इंग्रजी पुस्तकांत तिला 'टेम्पो' म्हणतात. हा शब्द मूळ इटालियन आहे. आवाज हळू असावा की मोठा, हे सांगणारे शब्दही इटालियनच आहेत. 'पियानो' म्हणजे हळू आणि 'फोर्टे' म्हणजे जोरात. पियानो या वाद्याचे मूळ लांब नावही याच दोन शब्दांचे आहे, कारण त्यावर हळू आणि जोरात असे दोन्ही सूर काढता येतात.

एखादी गोष्ट तयार मिळत असेल तर ती घ्यावी, असे तुम्हाला वाटेल. इंग्रजांची लिपी तयार होती, तर आपल्या गवयांनी तीच का घेतली नाही? याचे कारण आपल्या 'सा'मध्ये आहे. इंग्रजी पद्धतीत प्रत्येक नोटेची जागा कायम असते. आपला सा मात्र गायकाच्या गळ्याप्रमाणे बदलतो. कोणी 'काळी एक'मध्ये गातो, तर कोणी 'काळी चार'मध्ये. म्हणजे पेटीवरील त्या पट्टीला सा मानून गातो. सा सरकला, की बाकीचे सूरही त्याच्याबरोबर सरकतात. अशा संगीतासाठी सा, रे, ग ही अक्षरेच सोयीची होती. शिवाय पाच रेषांचा कागद छापणे त्या काळी खर्चाचे काम होते. अक्षरांची स्वरलिपी साध्या छापखान्यातही छापता येत असे.

अक्षरांनी सूर लिहिण्याची कल्पना पूर्वेकडे जुनीच आहे. तेराव्या शतकात बगदाद येथे सफीउद्दीन उर्मवी नावाचे मोठे संगीतज्ञ होते. सूर दाखवण्यासाठी त्यांनी अबजदची अक्षरे वापरली आणि सूर किती टिकवायचा हे अंकांनी दाखवले. त्याच शतकात आपल्या महाराष्ट्रात देवगिरी, म्हणजे दौलताबाद, येथे शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. त्यांच्या 'संगीत रत्नाकर' या ग्रंथात सा, रे, ग या अक्षरांनी चाली लिहिलेल्या आहेत. एक बगदादला आणि दुसरे देवगिरीला. पण दोघांनी अक्षरांचाच आधार घेतला.

तरीही पुढच्या काळात आपल्याकडचे गाणे मुख्यतः कानांनीच पुढे गेले. शागीर्दाने उस्तादासमोर बसायचे, ऐकायचे आणि पाठ करायचे. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांबद्दल असे सांगतात, की त्यांनी बडे महंमद खाँ यांचे गाणे पडद्याआड लपून ऐकले आणि त्यांची गायकी उचलली. या भावांच्या घराण्याची तालीम वासुदेवबुवा जोशी यांना मिळाली. वासुदेवबुवांकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे आली आणि बाळकृष्णबुवांनी ती महाराष्ट्रात आणली. अशी ही साखळी होती. साखळी मजबूत होती, पण तिला एक धोकाही होता. मधली एक कडी तुटली, की पुढे काहीच पोहोचत नसे. एखाद्या उस्तादाचे निधन झाले, की शागीर्दांनी न शिकलेल्या बंदिशी त्यांच्याबरोबरच जात.

हा धोका ओळखून काही जण पुढे आले. त्यांत मौलाबक्ष यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. त्यांनी उत्तर हिंदुस्थानी आणि कर्नाटकी अशा दोन्ही संगीतांचा अभ्यास केला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्यांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा सुरू केली. शाळेत एका वेळी अनेक मुले शिकणार, तर पुस्तक हवे. पुस्तक हवे, तर सूर लिहिता आले पाहिजेत. म्हणून मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. पुढे युरोप-अमेरिकेत भारतीय संगीत नेणारे इनायत खाँ हे त्यांचेच नातू.

दुसरे नाव विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचा अभ्यास सुटला. तेव्हा त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकायला पाठवण्यात आले. तरुणपणी ते मिरजेहून बाहेर पडले आणि गावोगाव गात उत्तरेकडे गेले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही शाळा कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या मदतीवर चालत असे. तेथे पाठ्यपुस्तकांची गरज पडली. विष्णुबुवांनी आपली स्वतंत्र स्वरलिपी बनवली, छापखाना काढला आणि पुस्तके छापली. विचार करा, मुलांनो. ज्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हते, त्यांनी दुसऱ्यांना सूर डोळ्यांनी वाचता यावेत म्हणून ही खटपट केली.

१९०८ साली त्यांनी मुंबईतही विद्यालय काढले. इमारतीसाठी कर्ज झाले आणि शेवटी ती इमारत हातची गेली. पण विष्णुबुवा खचले नाहीत. नाशिकला येऊन त्यांनी पंचवटीत आश्रम काढला. तेथे भजन आणि संगीताचे शिक्षण चालू ठेवले. १९३१ साली मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या परीक्षा आजही गावोगाव होतात.

तिसरे नाव विष्णु नारायण भातखंडे यांचे. ते पेशाने वकील होते. जुन्या बंदिशी नाहीशा होण्यापूर्वी त्या लिहून ठेवाव्यात, या ध्यासाने त्यांनी देशभर प्रवास केला. ते मोठमोठ्या उस्तादांकडे शागीर्द म्हणून गेले. रामपूरचे वजीर खाँ हे त्यांचे एक गुरू. अशा रीतीने मिळवलेल्या शेकडो बंदिशी त्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांच्या ग्रंथात स्वरलिपीसह छापल्या. लखनौजवळच्या अकबरपूरचे राजा नवाब अली खाँ यांनी भातखंडे यांच्या विचारांच्या आधारे उर्दूत 'मआरिफुन्नग़मात' हा ग्रंथ लिहिला. म्हणजे ही विद्या उर्दू वाचकांपर्यंतही पोहोचली.

भातखंडे यांची लिपी अगदी सोपी आहे. सुराखाली आडवी रेघ असेल, तर तो कोमल. 'म'च्या डोक्यावर उभी रेघ असेल, तर तो तीव्र. काहीच खूण नसेल, तर शुद्ध. सुराखाली टिंब असेल, तर तो खालच्या म्हणजे मंद्र सप्तकातला. वर टिंब असेल, तर तो वरच्या म्हणजे तार सप्तकातला. सुरापुढे लहान आडवी रेघ असेल, तर तोच सूर आणखी एक मात्रा लांबवायचा. एका मात्रेत दोन-तीन सूर असतील, तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी रेघ काढतात. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणे म्हणजे 'मींड'. ती दाखवायला सुरांच्या वर कमान काढतात. तालाची पहिली मात्रा म्हणजे 'सम'. तिच्याखाली फुलीची खूण असते. जेथे टाळी न देता हात बाजूला न्यायचा, ती 'खाली'. तिच्याखाली शून्य असते. बाकीच्या टाळ्यांना अंक असतात.

येथे एक सावधगिरी बाळगा. विष्णुबुवांच्या लिपीत खुणा वेगळ्या आहेत. भातखंडे यांच्या लिपीत सुराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. विष्णुबुवांच्या लिपीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र सप्तक! त्यांच्याकडे समेला एकचा अंक आणि खालीला अधिकचे चिन्ह असते. म्हणून पुस्तक उघडले, की ते कोणत्या लिपीत आहे हे आधी पाहावे. नाहीतर जो सूर खाली जायला हवा, तो आपण वर नेऊ.

तुम्ही म्हणाल, 'आता मोबाइलवर गाणे ध्वनिमुद्रित करता येते. मग लिहायचे कशाला?' प्रश्न योग्य आहे. ध्वनिमुद्रणात आपल्याला एका गायकाचा आवाज मिळतो. लिखाणात चालीची रचना मिळते. कोणता सूर कोणत्या मात्रेवर आला, हे बोट ठेवून दाखवता येते. तीच चाल दुसऱ्या पट्टीत, दुसऱ्या वाद्यावर, सावकाश वाजवून शिकता येते. इकबाल यांच्या 'सारे जहाँ से अच्छा' या गीताला आज सर्वांच्या तोंडी असलेली चाल रविशंकर यांनी १९४५ साली दिली. लष्कराचे बँड ती कवायतीच्या धुनेसारखी वाजवतात, तेव्हा प्रत्येक वादकाला आपल्या वाट्याचे सूर कागदावर लिहून दिलेले असतात.

पण कागदावर सर्व काही उतरते, असेही समजू नका. दरबारी रागातला कोमल ग झुलत येतो, आणि त्याची जागा नेहमीच्या कोमल गपेक्षा किंचित खाली असते. कागदावर मात्र दोन्हीकडे एकच ग आणि त्याखाली एकच रेघ दिसते. तो झोका उस्तादाच्या तोंडूनच ऐकावा लागतो. छापलेली गझल वाचली म्हणून शायराचा लहजा कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून विष्णुबुवांनी पुस्तके छापली, तरी गुरूसमोर बसून शिकणे सोडायला सांगितले नाही. भातखंडे यांनीही आधी ऐकले आणि मगच लिहिले. स्वरलिपी ही उस्तादाची जागा घेत नाही. उस्तादाची अमानत ती सांभाळून ठेवते.

अशी एखादी अमानत तुमच्या घरीही असेल. तुमच्या दादी किंवा नानी लहान बाळाला निजवताना काही गुणगुणतात. लग्नघरी हळदीच्या आणि मेंदीच्या रात्री बायका जुनी गीते गातात. त्यांचे शब्द कदाचित कोणी वहीत लिहून ठेवले असतील. पण चाली फक्त त्या म्हाताऱ्या कंठांत आहेत. एखाद्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. पेटीवर सूर शोधा. सा कोणता ते ठरवा आणि सा, रे, ग लिहून काढा. पहिल्या प्रयत्नात चुका होतील. पुन्हा ऐका, पुन्हा लिहा. उर्दूत लिहिणार असाल, तर एक अडचण येईल. 'प'च्या पे अक्षराखाली तीन नुक्ते आधीच असतात आणि 'नी'च्या नून अक्षरावर एक नुक्ता असतो. सप्तकाची टिंबे त्यांच्यात मिसळू नयेत म्हणून काय करावे, ते तुम्हीच ठरवा. मौलाबक्ष, विष्णुबुवा आणि भातखंडे यांनीही आपापल्या अडचणींवर असेच उपाय शोधले होते.

ती चाल तुमच्या वहीत नीट उतरली, तर तुम्ही कधी न पाहिलेली मुले ती एक दिवस गाऊ शकतील.

शब्दार्थ

स्वरलिपी – सूर लिहिण्याची पद्धत
बंदिश – ठरावीक राग व ताल यांत बांधलेले गीत
तालीम – उस्तादाकडून मिळणारे शिक्षण
घराणे – गायनाची परंपरा
आश्रय – आधार, मदत
अधू – कमजोर
खटपट – प्रयत्न, धडपड
खचणे – धीर सोडणे
ध्यास – सतत मनात असलेली तीव्र इच्छा
ध्वनिमुद्रित करणे – आवाज यंत्रात साठवून ठेवणे
अमानत – विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू, ठेव

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाच आडव्या रेषांना इंग्रजीत काय म्हणतात?
(आ) आपल्या संगीतातील अचल सूर कोणते?
(इ) बडोद्यात गायनशाळा कोणी व कधी सुरू केली?
(ई) नाशिकच्या कोणत्या भागात विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आश्रम काढला?

२. जोड्या लावा.
'अ' गट : फ्लॅट, शार्प, ऑक्टेव्ह, बीट, टेम्पो
'ब' गट : लय, सप्तक, कोमल, मात्रा, तीव्र

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आपल्या गवयांना इंग्रजी स्वरलिपीपेक्षा अक्षरांची स्वरलिपी सोयीची का वाटली?
(आ) सूर केवळ कानांनी शिकण्यात कोणता धोका होता?
(इ) 'स्वरलिपी उस्तादाची जागा घेत नाही' असे लेखकाने का म्हटले आहे?

४. खालील शब्दांचा दोन वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यांत उपयोग करा.
नोट, स्टाफ, ताल

५. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून एक जुने गीत ऐका. त्याच्या पहिल्या ओळीचे सूर स्वरलिपीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.